देव्हाऱ्यातला मुद्देमाल

नोकरीत कितीतरी गुन्हे हाताखालून गेले. बहुतेकांचे चेहरेही आता पुसट झालेत. पण एका हिरव्या जीपचा तपास काही डोक्यातून जात नाही. निवृत्त अधिकारी आठवणी सांगायला बसला की थोडी फुशारकी मारतोच, असं लोक म्हणतात. या प्रकरणात मी ती मारणार आहे, आधीच सांगून ठेवतो. हा तपास आम्ही चांगला केला. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही.

तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून ठाणे अंमलदाराकडून रात्रीचा वृत्तांत ऐकत होतो, तेवढ्यात एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. हा माणूस जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत कमिशन खायचा, त्यामुळं गॅरेजवाल्यांची सगळी बातमी त्याच्याकडं असायची. एका गॅरेजात एक जुनी फोर-बाय-फोर जीप खालून गंज घासून रंगवायला आली होती. घासता घासता चेसिस नंबरची जागा उघडी पडली, तर तिथं ग्राइंडर मारून दुसराच नंबर ठोकलेला.

"गाडी एका गुरुजीची हाय साहेब. माणूस सरळ वाटतो, पण गाडी सरळ नाय," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

गाडी तोवर घरी गेली होती. आमचं पथक बीड बायपासच्या पलीकडच्या एका वसाहतीत गेलं आणि दारातून ती जीप उचलून ठाण्यात घेऊन आलं. जप्तीचा पंचनामा करावा लागतो, पंच बोलवावे लागतात, त्यामुळं सगळी गल्ली गोळा झाली. संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागला. शिक्षकाच्या दारात चोरीची गाडी! लोकांना अशा बातमीची फार गोडी असते.

तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली, तेव्हा खाली दडलेला मूळ नंबर निघाला. गाडी जालन्याच्या एका व्यापाऱ्याची, चोरीला गेल्याची फिर्याद रीतसर दाखल. म्हणजे मुद्देमाल सापडला होता आणि ज्याच्या ताब्यात सापडला तो माणूसही समोर बसला होता. आमचा तरुण उपनिरीक्षक हुशार होता, पण घाईचा. त्याच्या मते आता अटक करायची आणि कोर्टात हजर करायचं, विषय संपला. वरिष्ठांचाही फोन येऊन गेला. वाहनचोरीचा गुन्हा उघड झाला म्हटल्यावर कोण थांबतं?

मी थांबलो, कारण आधी ती गाडी नीट बघितली.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, मूळचे पिशोरकडचे. बायको एका दवाखान्यात परिचारिका. घरात दहा-अकरा वर्षांची मुलगी आणि गुरुजींचे वडील. दर रविवारी सगळ्यांनी मिळून कुठंतरी आडवाटेला जायचं, एवढा एकच शौक या कुटुंबाचा. म्हातारबुवांनी आयुष्यभर अंतूर किल्ल्याचं नाव ऐकलं, पण गुडघ्यांनी कधी जाऊ दिलं नाही. त्यांना गाडीत बसवून जाता येईल तेवढं वरपर्यंत न्यायचं, म्हणून ही जीप घेतली होती. आणि घेतल्यावर काय काय केलं होतं तिला! रुंद खाचांचे टायर टाकले, चिखलात अडकली तर ओढून काढायला पुढं विंच बसवली, छतावर तंबू ठेवायचं कॅरिअर केलं. वडिलांना चढता यावं म्हणून दाराखाली खास बुटकी पायरी जोडून घेतली होती. सीटच्या मागं गुरुजींच्या पत्नीनं जाड कापडाचे खिसे शिवले होते. टॉर्च, औषधं, चटणीची बरणी, सगळं जिथल्या तिथं. यातलं किती आरटीओच्या नियमात बसतं हा वेगळा विषय, तो मी त्या दिवशी काढला नाही.

मी उपनिरीक्षकाला गाडीजवळ नेऊन विचारलं, चोरीची गाडी आहे हे माहीत असलेला माणूस ती खालून घासायला गॅरेजात देईल का? तो झाकून ठेवील की गल्लीत धुऊन-पुसून मिरवील? पोरालाही ते पटलं. पण आपल्याला पटलं म्हणून कोर्टाला पटत नाही. गुरुजींना वाचवायचं तर विकणारा सापडायला हवा होता. नाहीतर चोरीचा माल बाळगल्याबद्दल अटक, कोठडी, आणि सरकारी नोकर म्हटल्यावर निलंबन. त्या घराची अब्रू माझ्या टेबलावर येऊन पडली होती, असंच मला वाटत होतं. वरिष्ठांना मी स्पष्ट सांगितलं की अटक करायची वेळ आली तर मी स्वतः करीन, पण थोडी सवड द्या. गुरुजींना नोटीस देऊन रोज हजर राहायला सांगितलं.

नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारपूस केली. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालेलं. त्यांनी सांगितलं ते एवढंच. मोबाइलवर जाहिरात बघितली, जालना रोडवरच्या एका हॉटेलात माणूस भेटला, कागद दाखवले, एनओसी आली की नावावर करून देतो म्हणाला, पुढं त्याचा फोनच बंद झाला. तोंडाला रुमाल, डोक्याला टोपी. पत्नीनंही तेच सांगितलं, पण तिच्या सांगण्यात बारीकसारीक गोष्टी वेगळ्या होत्या. गुरुजी म्हणाले त्यानं चहा घेतला, बाई म्हणाल्या शनिवार आहे म्हणून नको म्हणाला. मला हे बरं वाटलं. पाठ करून आलेली जोडी शब्दाला शब्द जुळवते, खरं बोलणारी माणसं एकमेकांत वाद घालतात.

मग मी बाईंना म्हटलं, किल्ली हातात दिली तो क्षण सांगा. तो माणूस नेमकं काय करत होता?

त्या जरा आठवत बसल्या. म्हणाल्या, "त्यानं डॅशबोर्डवरचा मारुती काढला. कपाळाला लावला, रुमालात गुंडाळला अन् खिशात घातला. मी म्हटलं, राहू द्या की, आम्ही पूजा करू. तर म्हणाला, 'ताई, गाडी तुमची झाली, पण देव देत नसतेत.' मला त्यात काय वावगं वाटलं नाही साहेब. आमच्या पिशोरला बैल विकला तरी मामा दावं देत नाहीत, घरीच ठेवतात."

बाई सहज बोलून गेल्या, पण माझे कान टवकारले. आमच्याकडं जनावर विकताना दावं ठेवून घेतात, ते घरची लक्ष्मी जाऊ नये म्हणून. गाडी स्वतःची असती तर देव काढून घेणं साहजिक होतं. पण ही गाडी तर त्यानं चोरली होती! तो मारुती त्याच्या बापाचा नव्हता. मी जालन्याला फोन लावला. व्यापाऱ्यानं सांगितलं की हो, गाडीत पितळी मारुती होता, गदा तुटली म्हणून सोनाराकडून डाग देऊन सांधून घेतली होती.

म्हणजे आमच्या चोरानं नंबर घासला, प्लेट बदलली, खोटे कागद केले आणि देवापाशी येऊन अडला. तो विकता येईना आणि फेकता येईना. मग असा माणूस देवाचं काय करील?

गुन्हे शाखेच्या अभिलेखावर मोठ्या गाड्या उचलणारे जे होते, त्यांचे फोटो दाखवले. रुमालामुळं गुरुजींना खात्रीनं सांगता येईना. अंगलटीवरून दोघांवर येऊन थांबले. या दोघांच्या घरांची झडती याआधीही कधीतरी झाली होती आणि हाती भोपळा आला होता. झडती म्हटलं की आपले लोक माळा बघतात, धान्याची कोठी उपसतात, गोठ्यातला कडबा उलथतात. मी पथकाला सांगितलं, यातलं काही करू नका. आधी देव्हारा बघा.

आमचे हवालदार माझ्याकडं बघतच राहिले. साहेबांना निवृत्तीचे वेध लागले, असं एकजण दुसऱ्याच्या कानात म्हणाला. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

पहिल्या घरात काही निघालं नाही. दुसरं घर अजिंठ्याकडच्या रस्त्यावर एका वस्तीवर होतं. तिथं मी स्वतः गेलो. संशयित ओट्यावरच बसला होता, पळाला नाही. घरात काही नाही याची त्याला खात्री होती. मी बूट काढले आणि आत गेलो. त्याची म्हातारी आई नुकतीच पूजा करून उठली होती.

कोनाड्यात नेहमीचे घरचे टाक होते. त्यांच्या शेजारी एका पाटावर रांगेनं मांडलेले गणपती, दोन-तीन साईबाबा, एक बालाजी, शिवाजी महाराजांचा छोटा पुतळा, एक बुद्धमूर्ती आणि मधोमध गदेला डाग दिलेला पितळी मारुती. सगळ्यांना ताजी फुलं. बुद्धापुढंही फूल होतं. मी एक गणपती हलकेच उचलून उलटा केला, तर बुडाला डॅशबोर्डवर चिकटवायची दुहेरी चिकटपट्टी तशीच होती.

"इतके देव कुठनं आणले आजी?" मी विचारलं.

म्हातारीचा चेहरा उजळला. "माझं लेकरूच आणतं साहेब. लई भाविक हाय. गावाला गेलं की एखादा देव घेऊनच येतंय. म्या समद्यांची पूजा करते, कुणाला उपाशी ठेवत नाय."

माझ्यामागं उभ्या असलेल्या हवालदारानं मान खाली घातली. खरं सांगतो, मलाही त्या म्हातारीकडं बघवलं नाही. बाहेर ओट्यावर तिचा लेक मात्र पांढराफटक पडला होता. आतलं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं.

पंचनामा करताना निराळाच पेच आला. मुद्देमाल सीलबंद करायचा, पण देवाला हात लावायला पंच तयार होईनात. शेवटी म्हातारीनंच धुतलेलं धोतर आणून एकेक देव त्यात गुंडाळून दिला. कशासाठी नेताय, हे तिनं विचारलं नाही. एव्हाना तिला कळलं असावं.

ठाण्यात आणून त्याला समोर बसवलं. दरडावून उपयोग झाला नसता, आणि मला ते आवडतही नाही. मी एवढंच म्हटलं, बाबा रे, सगळा पुरावा मिटवलास, मग हे कशाला ठेवलंस घरात?

तो म्हणाला, "नंबर घासता येतो साहेब. देव कुठं फेकू?"

मग धडाधडा सगळं सांगत गेला. गाड्या कुठून उचलल्या, नंबर कोण ठोकतो, कागद कोण करतो, सगळं. पाटावरच्या बहुतेक देवांची गाडी आम्हाला सापडली. जालन्याच्या व्यापाऱ्यानं मारुती बघताक्षणी ओळखला. ओळख परेडमध्ये आवाज आणि अंगलट जुळल्यावर गुरुजींनी आणि त्यांच्या पत्नीनं त्या माणसावर बोट ठेवलं, आणि आदल्या आठवड्यात जे आरोपी ठरणार होते ते सरकार पक्षाचे साक्षीदार झाले. ते देव आमच्या मुद्देमाल कक्षात होते तोवर कोण जाणे कोण, रोज सकाळी तिथं उदबत्ती लावून जायचं. मी चौकशी केली नाही.

वरिष्ठांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्याचा मला अभिमान आहे, पण माझा खरा अभिमान दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

कोर्टाच्या आदेशानं गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात गेली. विंच, कॅरिअर, तंबू, जे निघण्यासारखं होतं ते त्यानं गुरुजींना काढून घ्यायला लावलं. माणूस दिलदार होता. एका रविवारी सकाळी गुरुजींचा जबाब पुरा झाला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, चला, घरी सोडतो. ते म्हणाले, रिक्षानं जातो, साहेब. मी म्हटलं, नाही, माझ्याबरोबर चला.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा बघितली होती. माणसाला पोलीस नेतात तेव्हा सारी गल्ली बघते. तो निर्दोष सुटून येतो तेव्हा एकटाच येतो, ते कुणी बघत नाही. कायद्यानं तो मोकळा होतो, गल्लीत होत नाही. तपास पुरा झाला असं कागदावर लिहिण्याआधी हेही बघायला हवं, हे मला या प्रकरणानं शिकवलं.

म्हणून मी पूर्ण गणवेशात, त्याच सकाळी, पोलीस जीपनं त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि तिथून गुरुजींबरोबर चालत गेलो. घरात त्यांच्या पत्नीनं खुर्च्या मांडल्या. मी त्या बाहेर अंगणात काढायला लावल्या. चहा बाहेर घेतला, सावकाश. एकेक करून शेजारी जमा झाले. मी त्यांना सांगितलं की या दोघांमुळं गाडीचोरांची टोळी सापडली, पोलीस खात्यावर त्यांचे उपकार आहेत. जरा मोठ्यानंच सांगितलं. मुलगी दाराला टेकून उभी होती, ती बापाजवळ येऊन बसली.

निघायला उठलो तेव्हा दारात म्हातारबुवा उभे होते. सून हळूच म्हणाली की गाडी नेली त्या दिवसापासून मामांनी उंबरा ओलांडला नाही. एरवी रोज चौकातल्या बाकावर त्यांची बैठक असायची.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "साहेब, आता जाऊ ना मी चौकात?"

एवढ्या नोकरीत कुणी माझ्याकडं अशी परवानगी मागितली नव्हती.

"चला काका," मी म्हटलं, "मीही येतो."

त्यांनी टोपी घातली, काठी घेतली. गुडघे दुखत होते म्हणून फार हळू चालत होते. मीही तसाच हळू चाललो. चौकात बाकावर चार-पाच म्हातारे बसले होते. आम्हाला बघून एकानं सरकून जागा केली आणि म्हणाला, "या बापू, लई दिवसांनी."

बापू बसेपर्यंत मी उभा होतो.