झेंडूखालचा कीबोर्ड

सेलूतल्या एका लहान दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. नोंदणीच्या टेबलावर मॉनिटर आणि कीबोर्ड, खाली खोकं, खोक्यात हार्ड डिस्क, आणि वीज गेली की कुंई-कुंई करणारा यूपीएस, एवढाच माझा संसार. यातलं दवाखान्यात मला एकट्यालाच कळायचं आणि त्याची मला घमेंड होती. सिस्टरना मी ऐटीत शिकवायचो. रॅम म्हणजे हातातलं काम, हार्ड डिस्क म्हणजे कायमची आठवण. पेशंटचा नंबर टाकला की त्याचं मागचं सगळं पडद्यावर येतं. कुणाला एखादं औषध चालत नसेल तर ती ओळ लाल अक्षरांत दिसेल, अशी सोयही केली होती.

आमच्या घरी खंडेनवमीला वडील पाने-पक्कड धुऊन पुजायचे. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हात लावू द्यायचे नाहीत. तीच रीत मी दवाखान्यात आणली. त्या नवमीला मशीन बंद केलं, पंख्यातली धूळ काढली, हळदकुंकू लावलं, कीबोर्डवर झेंडूची माळ ठेवली आणि सिस्टरना बजावलं, "उद्या संध्याकाळपर्यंत कोणी हात नका लावू. पेशंट आले तर वहीत लिहा."

दसऱ्याच्या सकाळी मी घरी होतो. पुढचं मला सिस्टरनीच सांगितलं. पवनारकडून एक भाजीवाली बाई नवऱ्याबरोबर आली. विळा लागून पायाची जखम चिघळली होती आणि तापानं तिला बोलवत नव्हतं.

"यायले कोणतं औषध चालत नाई का?" सिस्टरनी विचारलं.

"मले नाई माहीत जी," नवरा म्हणाला. "मागच्या बारीले तुमच्या इथंच आणलं होतं."

मागच्या वेळचं सगळं त्या माळेखाली होतं. सिस्टर टेबलापर्यंत गेल्या, माळ पाहिली आणि परत फिरल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन त्यांनी दिलं. पाच-दहा मिनिटांत बाईला श्वास घेता येईना, ओठ निळे पडले. डॉक्टरांनी धावपळ करून तिला सावरलं आणि तसंच वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं.

मला फोन आला तसा मी धावत गेलो. माळ बाजूला करून मशीन चालू केलं, नंबर टाकला. लाल ओळ समोर आली. त्याच इंजेक्शनाचं नाव होतं, आणि ती ओळ मीच टाइप केली होती. मी लगेच वर्ध्याच्या दवाखान्यात फोन करून ती वाचून दाखवली.

ती वाचली, पण घरी परतायला तिला आठवडा लागला. दरम्यान डॉक्टरांनी विचारलं, "मशीन बंद का होतं?"

"यूपीएसची बॅटरी बसली होती," मी म्हणालो.

खरं-खोटं तपासणारं तिथं कोण होतं? सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. मशीन चालू करायला मला घरून का बोलावून घेतलं नाही, म्हणून डॉक्टर त्यांना सगळ्यांसमोर रागावले. त्यांनी मान खाली घातली, माझं नाव घेतलं नाही. दोन दिवसांनी नवी बॅटरी आली. मी धडधाकट जुनी बॅटरी काढली आणि नवी बसवली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरी वर्षभर मी गप्पच राहिलो.

पुढच्या नवमीला ती बाई आली. पाय किंचित ओढत होती. हातात वावरातल्या झेंडूची टोपली होती.

"वर्ध्याच्या डॉक्टरनं सांगतलं, तुमच्या कॉम्प्युटरात माह्यी गोष्ट लिवली होती म्हणून पुढचं औषध बरोबर देता आलं," ती म्हणाली. "त्याच्या पूजेले आणली फुलं."

सिस्टर इंजेक्शनाचा ट्रे घेऊन जाता जाता थांबल्या. खरं सांगणं मला आणखी पुढं ढकलता आलं असतं. नाही ढकललं.

"बाई, तुम्हाला ते इंजेक्शन दिलं तेव्हा मशीन बंद होतं. बॅटरी बसली असं मी सांगितलं, पण ती चांगली होती," मी म्हणालो. "पूजेसाठी मशीन मीच बंद ठेवलं होतं. हात लावू नका म्हणून यांना मीच सांगितलं होतं. यांची काही चूक नव्हती. डॉक्टरांनाही आज सांगतो."

बाईनं सिस्टरकडे बघितलं. टोपली तिनं कीबोर्डवर ठेवली नाही, खाली जमिनीवर ठेवली.

"यंदा बंद नका करजा," एवढंच म्हणाली आणि डॉक्टरांना पाय दाखवायला बाकावर जाऊन बसली.

मी तिचा नंबर टाकला. लाल ओळ आली. ती मी सिस्टरना मोठ्यानं वाचून दाखवली.