कुत्र्यांपुरती सोबत

मॅरेथॉनचं खूळ कुणी काढलं, यावर आमच्या दोन घरांत अजून एकमत नाही. मी म्हणते धाकट्या जावेच्या पुण्यातल्या लेकीनं. जाऊ म्हणते, "आक्का, हौस तुमचीच." खरं सांगायचं तर आपण नक्की कशाला पळतोय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आधी घरचं सांगते. आष्ट्यात आमचं अंगण एक होतं. उसाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बिनसलं, वाटणी झाली आणि अंगणात मधोमध भिंत आली. भाऊ बोलेनात, म्हणून जावांनीही बोलायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं, देव जाणे. मला तर कुणी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं एका चुलीवर भाकरी थापल्या आणि आता कोथिंबिरीची काडी हवी तर बाजार गाठायचा! भांडी आपटून आपटून मी चांगली पातेली वाकडी केली, पण भिंत काही हलली नाही.

मग मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, पहाटे चाला. पहाटे आमच्या रस्त्यावर कुत्र्यांचं राज्य असतं, एकट्या बाईची सोय नाही. पलीकडं धाकटीलाही थायरॉईडपायी चालायला सांगितलेलं. आमच्या मालकांनी दोन दिवस मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "तिच्यासंगं जा. पण कुत्र्यांपुरतं. बोलायचं न्हाई."

कुत्र्यांपुरतं म्हणे! हातात काठी घेऊन आम्ही वळणापर्यंत गप्प जायचो. ऊस लागला की दोघींची तोंडं सुटायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सून माहेरी गेली, तिच्या गुडघ्याचं, माझ्या शुगरचं, आणि सगळ्यात जास्त त्या दोघा भावांचं. पुलापर्यंत जायचं, कठड्यावर टेकायचं आणि परत यायचं. कठड्यावर बसायला जास्त वेळ मिळावा म्हणून आम्ही जाताना पळायला लागलो. आमच्या पळण्याचा उगम हा एवढाच.

जावेच्या लेकीनं ते ऐकलं आणि साताऱ्याच्या घाटातल्या एका स्पर्धेत आमची दोघींची नावं नोंदवून टाकली. एकवीस किलोमीटर. ती अर्धी मॅरेथॉन असते, पण चौकात सगळे पुरीच म्हणत होते. मालकांनी पुन्हा मिशीवर हात फिरवला. "एकदा पळून या. मेडल आणा. मग बास. मग तू आपल्या गच्चीवर चाल, ती तिच्या." पलीकडं दिरांनीही शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं. वाटणी झाली तरी डोकं एकच, मी काय सांगू?

म्हणजे स्पर्धा पुरी झाली की पूल संपला आणि बोलणंही संपलं. हे आम्हां दोघींनाही स्वच्छ कळत होतं, पण त्यावर बोललं कुणीच नाही. आणि तरी मला ते मेडल हवं होतं! अगदी जीव टाकून हवं होतं. लग्नानंतर माझ्या गळ्यात कुणी काही घातलं नव्हतं, म्हणून असेल. एकाच वेळी मेडल हवं आणि स्पर्धा संपायला नको, असं ते त्रांगडं होतं.

साताऱ्यात मैदानावर पोचलो तर पहाटेच्या अंधारात मोठ्यानं गाणी लावून हजारभर माणसं हात वर करून नाचत होती. मला वाटलं आपण वरातीत आलो. नंबराचा कागद छातीला लावायच्या पिना कुठं पडल्या कळेना, शेवटी बांगडीतल्या काढून लावल्या. पुढं एक पोरगा पाठीला फुगा बांधून उभा होता. एवढ्या पहाटे फुगे कोण घेणार? जावेनं समजावलं, फुग्यावर वेळ लिहिलीय, त्याच्या मागं पळालं की त्या वेळेत पोचतो.

"मग आपला फुगा कुठाय?"

"आपला न्हाई आणलेला, आक्का."

आष्ट्यात चढ म्हणजे फक्त पुलाचा. इथं घाट सुरू झाला आणि माझा श्वास माझ्या आधी पळाला. थोड्या वेळानं वरून माणसं खाली यायला लागली. मी जावेला विचारलं, "ही चुकली, का आपण?" ती म्हणाली, ती वळून परत निघाली. आपण अजून चढतोय आणि लोक घरी चाललेत, हे बघून मला कसंनुसं झालं. पण पाय ओढत का होईना, वळायच्या जागेपर्यंत पोचलो आणि उतार लागला. आता जमणार, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

आणि धाकटीनं नाटकं सुरू केली. ही बाई शाळेत खो-खो खेळलेली, रोज माझ्या पुढं असते. आज तिची नाडी सुटली. मग बुटात खडा गेला. मग केळी वाटणाऱ्या बायकांना तिनं सगळा घरचा पत्ता सांगितला. मग दरीचा फोटो.

"अगं चल की बाई! दरी कुठं पळून चाललीय?"

"आवं आक्का, सकाळ किती झ्याक पडलीय बघा की."

माझं डोकंच फिरलं. एवढी तोंडाशी आलेली स्पर्धा आणि ही सकाळ बघतीय! तेवढ्यात मागनं बस आली. वेळेत न पोचणाऱ्यांना गोळा करत येते ती. खिडकीतून एका बाईनं हात काढला. "या वर. रुमाल टाकून ठेवलाय दोघींना."

"आम्ही पळतोय!" मी ओरडले.

वळून बघते तर जाऊ कठड्यावर बसलेली, डावी पोटरी दोन्ही हातांनी धरून. "गोळा आला, आक्का. तुमी जावा फुडं. तुमचं मेडल घ्या."

मी गेले पुढं. खोटं कशाला बोलू, चांगली वळणापर्यंत गेले. पण मेडल घालून एकटीनं कुणाला दाखवायचं? आणि उद्यापासून गच्ची. माझे पाय आपोआप मागं फिरले. फिरताना मी तिला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. तिला धरून बसपाशी आणलं, तर पोटरीत गोळा आलेली ती बाई बसच्या पायऱ्या एका दमात चढली. मी खालीच आ वासून उभी.

आष्ट्यात पोचलो तेव्हा दोघे भाऊ आपापल्या फाटकात उभे. चौकात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, हारसुद्धा आणलेला. दोन हार, वेगवेगळ्या दुकानांतले.

"झाली का पुरी?" मालकांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत धाकटी भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "न्हाई झाली. बसमधनं आणलं आमाला."

मालकांचा चेहरा पडला. "आता चौकात काय सांगू? नाक कापलं की! पुरी केल्याबिगर सोडायची न्हाई आता. उद्यापास्नं परत पळा." भिंतीपलीकडून दिरांचा आवाज आला, "व्हय व्हय. सोडायची न्हाई!" दोघे भाऊ एका विषयावर बोलले. मग बोललो हे लक्षात आलं आणि दोघेही आत गेले.

रात्रभर मला उमजेना. हिनं मुद्दाम केलं, का खरंच गोळा आला होता? माझं मेडल घालवलं म्हणून रागवायचं, का काय करायचं?

पहाटे फाटकाची कडी वाजली. धाकटी काठी घेऊन उभी. वळण गेलं, ऊस लागला, तशी मी विचारलं, "गोळा कुठल्या पायात आलेला गं?"

तिनं उजवा पाय पुढं केला.

काल घाटात तिनं डावी पोटरी धरली होती. मी तिचा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते, ते अंधारात तिला दिसले नसावेत.

"पळायचं का?" तिनं विचारलं.

"हळू पळ," मी म्हणाले. "लवकर तयारी झाली तर पंचाईत व्हायची."