पेवाला एसीचं पाणी

विमल गेल्याचा फोन तिच्या मुलीने, नयनाने, हॉस्पिटलमधून केला, तेव्हा माझ्या तोंडून आधी हेच निघालं, "बघून गेली गं, बरं झालं." पलीकडे नयना रडता रडता "हो" म्हणाली...

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत विमल तळमजल्यावर आणि मी बरोबर तिच्या डोक्यावर. तिच्या स्वयंपाकघरामागे कंपाउंडच्या भिंतीलगत ऊन न फिरकणारी चिंचोळी पट्टी आहे. तिथे तिने भंडाऱ्याकडच्या माहेरून आणलेलं पेवाचं मूळ लावलं होतं. सावली आणि ओल मिळाली की या रानफुलाला दुसरं काही लागत नाही. हिवाळ्यात वरचं सगळं वाळतं, मूळ मातीत झोपून राहतं, पावसाळ्यात उठतं आणि श्रावणात लाल बोंडांवर पांढरी, तलम फुलं येतात. पहिलं फूल विमल दर वर्षी बुद्धमूर्तीपुढे ठेवायची.

यंदा होळीच्या सुमारास डॉक्टरांनी हात टेकले. घरी आल्यावर ती म्हणाली, "श्रावण काही मला गाठता येत नाही गं. पेव तेवढं बघायचं राहिलं." आधीच पाणी दिलं असतं तर मूळ लवकर उठलं असतं, पण पाणीकपात चालू होती आणि कपातीत नळाचं पाणी झाडाला घालायचं नाही हा विमलचा कडक नियम. नयनाने बादली उचलली की ही आतून ओरडायची. मला गारवा बाधतो, माझा एसी फक्त मुलगा आला की लागतो. तरी त्याच्या पाण्याचा पाईप मी त्या पट्टीत सोडला आणि रोज जेवण झालं की शाल पांघरून गारठ्यात बसू लागले.

"पाणी वाचवायला वीज जाळतेस? डोकं फिरलंय का तुझं?" विमल म्हणाली. पाईप काढ मात्र म्हणाली नाही.

चैत्रात कोंब आले. ती खंगत होती, पेव वाढत होतं आणि माझा जीव टांगणीला. ज्येष्ठ संपता संपता पहिलं फूल उमललं. आम्ही तिला खुर्चीतून मागच्या दाराशी नेलं. नयना फूल खुडायला वाकली, तर विमल म्हणाली, "राहू दे. बुद्धाला उद्याचं दे. हे मी बघते." ते कोमेजेपर्यंत ती तिथून हलली नाही. पुढच्याच आठवड्यात ती गेली. मला दुःखाच्या आधी सुटल्यासारखं वाटलं, ते कशाला लपवू?

परवा दुपारी नयनाने खालून हाक मारली, "मावशी, बाहेर धो धो पाऊस पडतोय आणि तुमचा एसी चालूच?"

विमल जाऊन महिना होत आला होता आणि मी अजून रोज तो लावत होते. उठून बंद केला. खोली हळूहळू उबदार झाली आणि इतके दिवस न आलेलं रडू मला तेव्हा आलं.