पातळ पेज

आमच्याकडे माणूस आजारी पडलं की त्याला पेज. तापाला पेज, बाळंतिणीला पेज, आणि म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की दोन्ही वेळ पेजच. आजार जितका मोठा तितकी पेज पातळ, हा पळसदरीतला नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. आईच्या हातच्या पेजेचं तर नावच होतं. जुना तांदूळ मंद आचेवर शिजवून, फडक्यातून गाळून ती असं पाणी काढायची की वाटीचा तळ दिसावा. आळीत कुणी आडवं झालं की "जरा तुमीच करून द्या" म्हणून आमच्या दारात भांडं यायचं. आईला त्याचा अभिमान होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला दुसऱ्या कशाचा अभिमान बाळगायची संधी आम्ही तरी कुठे दिली होती?

बाबांना लकवा मारला आणि उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्या कधी द्यायच्या ते सांगितलं. भरवायचं कसं ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. भरवणं ही काय शिकायची गोष्ट आहे? आईने त्यांचं डोकं उशीवर नीट टेकवलं आणि चमच्याचमच्याने पेज पाजायला सुरुवात केली. घाई नाही, कंटाळा नाही, कपाळावर आठी नाही.

पेज पिताना बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मध्येच खोकायचे. काही बोलायला गेले की आवाज ओला आणि भरलेला यायचा. बघायला आलेल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. "बायको येवढं करतेय, कंठ दाटून येतोय गं मानसाचा," म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं. उभ्या जन्मात बायकोशी दोन गोड शब्द न बोललेला हा माणूस आता निदान डोळ्यांनी बोलतोय, असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर ते बघायला मला आवडायचं. मग त्यांना ताप आला, छाती कफाने भरली आणि ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात जो बोलायला उठला तो आधी आईबद्दल बोलला. अशी सेवा कुणी केली नाही, म्हणाला.

बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, नवरा गेल्यापासून आमच्याच घरी असते. वर्ष उलटलं नाही तोच तिलाही तेच झालं. एक हात लुळा पडला, जीभ जड झाली. समजतं सगळं, पण बोलायला गेलं की नुसता आवाज निघतो. आई म्हणाली, "भावाचं केलं, आता भयनीचं करायचं." पेजेचं पातेलं पुन्हा गॅसवर चढलं.

मी खालापूरला एका कचेरीत कामाला आहे. येताजाता रस्त्यावर फलक दिसला: ज्येष्ठ नागरिक आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन शिबिर. आईला म्हटलं, चल. ती हसली. "मला काय शिकवनार गं? मी एका मानसाचं शेवटपर्यंत केलंय." पण निघाली. आत्याजवळ शेजारीण बसली, आणि आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. घरात दुखणं आल्यापासून ती कुठे बाहेर पडलीच नव्हती.

आता ज्याला शिबिर म्हणतात ते काय असतं ते सांगते. पाहुणे यायचे होते म्हणून म्हातारी माणसं सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अवघडून बसलेली. पाहुणे आले, दीप लागला, हार झाले. सगळ्यात वयस्कर गृहस्थांना शाल-नारळासाठी वर बोलावलं. ते बिचारे लघवीला जायला उठले होते, त्यांना धरून व्यासपीठावर नेलं. ज्येष्ठ म्हणजे वटवृक्ष, ज्येष्ठ म्हणजे दीपस्तंभ, असं एकामागून एक चाललं होतं. फोटो काढून पाहुणे निघून गेले आणि जे सांगायला हे सगळं मांडलं होतं ते जेवणाच्या पाकिटांचा वास सुटल्यावर उरल्या वेळात उरकायला घेतलं.

सांगणारी मुलगी मात्र चांगली होती. तिने एका आजोबांना खुर्चीत बसवलं, हातात वाटी-चमचा घेतला आणि सरळ बोलायला लागली.

"लकवा झालेल्या माणसाचं गिळणं आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. त्याला आडवं ठेवून काही पाजू नका. पाणी, चहा, पेज, असलं पातळ तर नाहीच. गिळायच्या नसा नीट चालत नाहीत, पातळ असलं की ते निसटून श्वासनळीत उतरतं. सरळ बसवायचं. हनुवटी खाली. डॉक्टर सांगतील तेवढं दाट करायचं. अर्धा चमचा द्यायचा, गिळलं का बघायचं, मग पुढचा. खाताना खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, आवाज ओला झाला, तर तिथेच थांबायचं."

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. हिला इथे मीच आणलं होतं. हिला हे कळू नये, निदान आज, निदान इथे, चारचौघांत कळू नये, एवढंच डोक्यात होतं. तिला हाताला धरून बाहेर न्यावं म्हणून मी पिशवी उचलली, तोवर ती उभी राहिली. कुठल्याही सभेत कधी तोंड न उघडलेली माझी आई.

"बाय, आन दिलं असलं तर?"

"तर मावशी, ते फुप्फुसात जातं," मुलगी म्हणाली. "ताप येतो, न्यूमोनिया होतो. म्हातारं माणूस बहुतेक त्यातून उठत नाही."

सूत्रसंचालकाने माइक ओढून घेतला. आजीबाईंनी फार छान प्रश्न विचारला, म्हणाला, टाळ्या झाल्या पाहिजेत. आणि टाळ्या झाल्या. आई टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली आणि मग खाली बसली.

मला त्या मुलीचा राग आला. तिची काही चूक नव्हती, म्हणून तर जास्तच आला. हे वरातीमागून घोडं घेऊन तुम्ही आता येता? बाबांना घरी सोडलं त्या दिवशी दवाखान्याच्या दारात ही वाटी-चमचा घेऊन कुणी उभं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं. पण तिथे शाल-नारळ नसतो, आणि फोटोही कुणी काढत नाही.

जेवणाचं पाकीट आईने उघडलं नाही. परत येताना खोपोलीपर्यंतच्या रिक्षात मी म्हणाले, "आई, आपल्याला ठाऊक नव्हतं गं." ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "डोळ्यात पानी येत व्हतं त्यांच्या. मी पुसत व्हते आन पाजत व्हते."

घरी आल्यावर तिने लुगडंही बदललं नाही. पेज केली, गाळली नाही. शिजलेला भात त्यातच घोटून घोटून खिरीसारखा दाट केला. आत्याला दोघींनी धरून बसवलं, पाठीशी गोधड्या लावल्या. आई समोर बसली आणि स्वतःची हनुवटी छातीशी नेऊन आत्याला कसं करायचं ते दाखवू लागली. तेवढ्यात शेजारच्या दोघी आत आल्या. एकीने वाटीत डोकावलं.

"वयनी, आजारी मानसाला येवढं दाट? घशात बसंल तिच्या. तुमची नेहमीची पातळ करा की."

"पातळ पेजंनी मानूस जातं," आई म्हणाली.

ती बाई हसली. "पेजंनी कोन गेलंय गं आजवर?"

"हिचा भाऊ," आई म्हणाली. "मीच पाजली त्याला. रोज."

हसणारी बाई तशीच वाकून उभी राहिली. मी आत्याकडे पाहिलं. तिला समजतं सगळं, ते मी वर सांगितलंच आहे. ती आईकडे बघत होती, एकटक. तो तिचा एकुलता एक भाऊ होता. आईच्या हातातला भरलेला चमचा ना पुढे येत होता ना मागे जात होता. आत्या आता तोंड फिरवणार असं मला वाटलं. तिने फिरवलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

आत्याने हनुवटी खाली केली आणि तोंड उघडलं.