केशरवहिनींसाठी साडी

आयुष्यात मी एकदाच, कुणालाही न विचारता, स्वतःच्या पसंतीनं एक साडी विकत घेतली. ती काखेत मारून पुण्याहून जामखेडला गेलो. ही त्या प्रवासाची हकीकत. साल एकाहत्तर असावं; मोठा दुष्काळ अजून यायचा होता, एवढं नक्की. जामखेड-खर्ड्याकडे जायचा कुणाचा बेत असेल तर रस्त्याची, खाण्यापिण्याची माहिती मधूनमधून देईनच. ती अर्धशतक जुनी आहे आणि देणारा मी आहे, हे दोन्ही लक्षात ठेवून वापरावी.

त्या वेळी मी पुण्यात एका कॅलेंडरवाल्याच्या स्टुडिओत देवदेवता रंगवत असे. माझ्या लक्ष्मीत आणि सरस्वतीत फरक असायचा तो फक्त हातातल्या वस्तूंचा. वीणा काढून कमळ दिलं की सरस्वतीची लक्ष्मी तयार. मालक खूश, गिऱ्हाईक खूश, आणि मी स्वतःला चित्रकार म्हणवून घेत असे.

ब्रश धरायला मला लहानपणी शिकवलं होतं तात्यांनी. तात्या तमाशाच्या फडाचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, गावातला रस्ता, पुन्हा राजवाडा. एकटा जीव. एके दिवशी त्यांनी अचानक फड सोडला आणि जामखेडच्या पुढे स्वतःच्या थोड्याशा जमिनीवर जाऊन राहिले. का सोडला, हे पुण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली असताना तात्यांचे शेजारी गेनूभाऊ काही कामानं पुण्याला आले आणि स्टुडिओच्या दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असा निरोप देते झाले.

"तात्यांनी सांगितलंय, केशर लई थकली. हा हिवाळा काढती का न्हाई, ठाव न्हाई. त्यांचा हात कापतो आता, ब्रश धरवत न्हाई. तवा तुमी या आन् तिचं चित्र काढून द्या. दुसऱ्या कुनाचं काम न्हाई म्हनले."

एवढं बोलून, गाडी चुकेल म्हणून, ते निघूनही गेले.

केशर! मालकांनी चष्मा काढून पुसला. "तरीच फड सोडला," ते म्हणाले. रंग घोटणाऱ्यानं सांगून टाकलं की केशर हे नाव नाचणारीचंच असतं. चहा येईपर्यंत सगळं ठरलंही होतं: तात्यांनी फडातली बाई घरात आणली होती, आणि ती आता शेवटच्या दुखण्यात होती. मी सगळ्यांत तरुण, म्हणून सगळ्यांत पुरोगामी. "असेना का! मी त्यांना वहिनीच म्हणणार," असं मी जाहीर केलं आणि त्याच आवेशात लक्ष्मी रोडला जाऊन हिरवी, लाल काठाची नऊवारी घेतली. दुकानदारानं विचारलं, "बाई अंगानं कशा आहेत?" मी म्हणालो, "थकलेल्या आहेत." त्यानं पुढे काही विचारलं नाही.

आता रस्ता. शिवाजीनगरहून नगरची पहाटेची एस.टी. पकडायची, नगरला माळीवाडा स्टँडवर उतरून जामखेडची धरायची. तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे. फक्त हाडं तेव्हा जास्त खिळखिळी व्हायची. शिरूरपर्यंत मी नुसता "वहिनी, नमस्कार" म्हणायचा सराव करत होतो. आवाजात दया नको, कारण त्यांना ती लागेल. फार आदरही नको, कारण तो खोटा वाटेल. सुप्याला मला हवा तसा सूर सापडला आणि मी तो मोठ्यानं लावून पाहिला. शेजारच्या बाईनं आपलं गाठोडं उचललं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

नगरहून जामखेडला जाताना एक गंमत आहे. चिचोंडी पाटील मागे टाकलं की एस.टी. चक्क नगर जिल्हा सोडते, कडा-आष्टी करत बीड जिल्ह्यातून जाते आणि जामखेडच्या अलीकडे परत नगरमध्ये शिरते. मला हे माहीत नव्हतं. आष्टीची पाटी पाहून मी घाबरून ओरडलो, "अहो, आपण जिल्हा सोडला!" शेजारी पागोटेवाले आजोबा होते. ते म्हणाले, "सोडू द्या की. गाडी सोडू नका मंजे झालं."

जामखेडच्या स्टँडवर कांदाभजी घ्या आणि तिथलाच चहा प्या. चहावाल्याला मी आवाज खाली घेऊन तात्यांचा पत्ता विचारला. त्यानं मात्र आवाज वर नेला.

"तात्या पेंटर? केशरकडं चाललाव व्हय? आता काय, म्हातारी झाली. पन चार वर्सामागं बगायला पायजे हुती! काय चाल, काय रूप! तिच्यापायीच तर तमाशा सोडला गड्यानं."

"गावात कुणी नावं नाही ठेवली?" मी विचारलं.

"नाव? नाव तात्यांनीच ठिवलं," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. हे लोक किती मोठ्या मनाचे, असं वाटून माझे डोळे भरून आले. हे सगळं मी आज मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे मी मूर्ख ठरलो तो काही एका क्षणात नव्हे. त्याची तयारी पुण्यापासून चालली होती.

खर्ड्याच्या रस्त्यानं चालत गेलो. ऊन मरणाचं होतं. दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारी नुकती वर आलेली, आणि सावलीला कुठेतरी एखादी बाभळ. तात्यांचं रान ओळखायला सोपं होतं. घर आणि गोठा एकाच छपराखाली, आणि त्याच्या एका बाजूला, वारा अडवायला, फडाचा जुना पडदा ताणून बांधला होता. त्यावरच्या राजवाड्याच्या सज्जात एक कोंबडी बसली होती.

कुत्रं आधी भुंकलं, मग तात्या बोलले. या कुत्र्याचं नाव प्रॉम्प्टर, कारण तात्यांनी तोंड उघडायच्या आत तो सुरू होई. शेळीचं नाव मावशी. गाढवाचं नाव म्यानेजर, आणि त्यामागे फडाच्या मॅनेजरबद्दल काहीएक भावना होती. तात्या वाळले होते. पाण्याचा तांब्या माझ्या हाती देताना त्यांचा हात इतका कापला की अर्धं पाणी मावशीच्या अंगावर सांडलं.

"केशरचं दुखणं कसं आहे?" मी हळूच विचारलं.

"आत हाय. सकाळी अंगुळ घातली. खानं टाकलंय तिनं, नुसती बसून असती. जा, भेट. पन दमानं जा, नव्या मानसाला बुजती."

मी चपला काढल्या. पुडकं दोन्ही हातांत धरलं. उन्हातून आत गेल्यावर काही दिसेना. कोपऱ्यात कुणीतरी बसलंय, एवढंच कळलं. मी सुप्याला सापडलेला तो सूर लावला.

"वहिनी, नमस्कार. मी पुण्याहून आलोय."

कोपऱ्यातला रवंथ थांबला. एक मोठं, हाडकुळं तोंड सावकाश माझ्याकडे वळलं. डावं शिंग मुळापाशी मोडलेलं, उजवं धड. काळेभोर डोळे माझ्यावर थांबले आणि बराच वेळ हलले नाहीत. मग तिनं मान पुढे करून साडीच्या पुडक्याचा वास घेतला.

बाहेर तात्यांनी 'वहिनी' ऐकलं होतं. ते खाली बसून हसायला लागले, प्रॉम्प्टर भुंकायला लागला आणि शेवटी म्यानेजरनं सूर धरला. गेनूभाऊ बांधावरून धावत आले, त्यांना वाटलं गाय गेली.

खरी हकीकत अशी होती. एका गावानं फडाला बिदागीच्या जागी एक वासरू दिलं, तांबूस, केशरी अंगाचं. मॅनेजर ते विकायला निघाला. तात्यांनी ते पडद्याच्या दोरीनं बांधून ठेवलं. "वासरू ठिव न्हाईतर पडद्याचं काम ठिव," मॅनेजर म्हणाला. तात्यांनी वासराची दोरी सोडली, हातात धरली आणि चालत गावी आले.

दुपारी मी केशरचं चित्र काढायला बसलो. जलरंगाची पेटी, चांगला कागद, सगळं आणलं होतं. तासाभरात चित्र झालं. तात्यांनी ते लांब धरून पाहिलं.

"ही कोन?"

"केशर."

"न्हाई. ही चांगल्या घरची दिसती, पन आमच्यातली न्हाई."

मी पाहिलं, तर कागदावर माझ्या कॅलेंडरची कामधेनू उभी. गोरी, गुबगुबीत, पापण्या लांब, ओठांवर चक्क हसू. मी चित्र वाळत ठेवलं आणि मावशीनं ते खाल्लं. माझ्या कामाचं इतकं मन लावून परीक्षण पुन्हा कुणी केलं नाही.

दुसऱ्या चित्रात मी तिला हाडं दिली.

"हिला शिंगं दोन हायती," तात्या म्हणाले.

"मोडकं शिंग बरं दिसत नाही, म्हणून—"

"बरं दिसायला तिला काय दावायला बसवलीया? पोरगी बगायला आलाय का तू?"

मग चित्र खाली ठेवून ते म्हणाले, "मी जलमभर राजवाडं रंगवलं. एक राजवाडा कदी डोळ्यांनी बगितला न्हाई. आन् ही रोज म्होरं हुती. हिला कदी काढली न्हाई. म्हनलं, कुटं जातीय? आज काढू, उद्या काढू. आता ती चालली, आन् माझा हात हा असा." त्यांनी हात पुढे धरला. तो थांबतच नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. हसण्यावारी नेण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तो हात थांबणार नव्हता, गाय थांबणार नव्हती, आणि मधे होतो मी, ज्याला एकच चेहरा येत होता.

त्या दिवशी वसुबारस होती. दिवस कलताना गेनूभाऊंच्या पार्वतीकाकू आणखी बायकांना घेऊन पूजेला आल्या. वसुबारसेला गाय वासरासह पुजायची असते. केशरला वासरू नव्हतं, म्हणून मावशीचं करडू तिच्या शेजारी बांधलं. ते पूजेची फुलं खात होतं. साडीची बातमी गेनूभाऊंनी आधीच पोहोचवली होती. पार्वतीकाकूंनी पुडकं मागून घेतलं, घडी मोडली आणि ती हिरवी नऊवारी केशरच्या पाठीवर झुलीसारखी पांघरली.

"बगा गं, पुन्याच्या दिरानं साडी आनली! आमचा दीर कदी चोळीचा खन आनंना!"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो, कान मात्र तापले होते. काकूंनी ओवाळलं, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी केशरपुढे धरली. तिनं वास घेऊन तोंड फिरवलं. तात्यांनी तळहातावर गूळ धरला, तो मात्र तिनं चाटला. हात कापत होता, तशी तिची जीभही त्याच्याबरोबर हलत होती. बायका हसायच्या थांबल्या. उरलेली भाकरी आणि गवार मी खाल्ली. त्या भागात गेलात तर बाजरीची भाकरी चुकवू नका. हॉटेलात मागू नका, कुणाच्या तरी घरी जेवायचा योग आणा.

सकाळी मी तिसरा कागद लावला आणि नुसता बसून राहिलो. तात्या शेजारी येऊन टेकले.

"काल तू दारात पुडकं धरून हुबा हुतास ना?"

"आता पुरे ना तात्या, पुण्यालाही पोचेल हे."

"आईक तर. तवा तू तिला बगितलं हुतंस. ती कोन हाय, कशी हाय, काय म्हनंल, सगळा जीव गोळा करून. गाय हाय म्हनून कळलं आन् तू बगायचा थांबलास. ती वहिनी काढ."

मी केशरकडे पाठ केली. अंधारा गोठा, सावकाश वळणारं तोंड, थांबलेला रवंथ, माझ्यावर थांबलेले डोळे. ते डोळे मी काढले तेव्हा मला कमळाची किंवा वीणेची आठवण आली नाही. मोडक्या शिंगापाशी मात्र अडलो. माझा ब्रश ते तासून, गुळगुळीत करून काढायला निघाला होता.

"आन हिकडं," तात्या म्हणाले. "ते वाकडंतिकडंच हाय. माझ्या हातानं निगंल."

त्यांनी ब्रश घेतला. हात भयंकर कापत होता, आणि त्या कापण्यातूनच शिंगाची ती फुटकी, खरबरीत कड कागदावर आली. एकदाच. पुन्हा हात लावायची गरज पडली नाही. तात्यांनी चित्र उचललं, गोठ्यात नेलं आणि केशरसमोर धरून उभे राहिले. मी आत गेलो नाही.

परतताना खर्ड्याचा किल्ला पाहायचा, असं मी ठरवलं होतं. तो फार सुंदर आहे म्हणतात. मी पाहिला नाही, कारण रडून डोळे सुजले होते आणि गेनूभाऊंची बैलगाडी जामखेडलाच निघाली होती. तुम्ही जरूर पाहा.

पुण्यात आल्यावर सगळ्यांनी घेरलं. "वहिनी कशा आहेत?" मी म्हणालो, "फार थकल्यात." खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ते राहूनच गेलं. हिवाळा सरता सरता गेनूभाऊंचा निरोप आला: केशर गेली, तात्यांनी तिला साडीसकट रानातच पुरलं. साडीसकट पुरलं हे ऐकून स्टुडिओतल्यांना जरा चमत्कारिक वाटलं, पण मालकांनी काम थांबवलं आणि आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. मी मान खाली घालून उभा होतो. सांगायची ती शेवटची संधी होती. माझ्यानं सांगवलं नाही.

त्यानंतर मालकांनी हळूच विचारलं, "दिसायला कशा होत्या रे?"

"डोळे फार मोठे होते," मी म्हणालो.

"मग यंदाच्या लक्ष्मीला त्यांचे डोळे दे. तात्याला बरं वाटेल."

मी दिले. केशरचं चित्र तात्यांकडेच राहिलं, आणि त्या प्रवासाची माझ्याजवळ दुसरी काही खूण नाही. पण ती लक्ष्मी भरपूर खपली, आणि अजूनही एखाद्या जुन्या घरात, तेलकट झालेल्या चौकटीत, ती अचानक समोर येते. घरच्यांना वाटतं, म्हातारा फार भाविक आहे. मी हात जोडतो आणि हळूच म्हणतो, "वहिनी, नमस्कार."