बाई न्यायला आल्या नाहीत

गेल्या वर्षी गणपती गेले आणि चौथ्या दिवशी माझी बायको गेली. दोन वर्षं किडनीचं दुखणं चाललं होतं, त्यामुळे तिला सगळं बोलून ठेवायला वेळ मिळाला होता. बाराव्याला भाषणं नकोत, असं तिनं मला बजावलं होतं. "लोकांना जे आठवतंय ते सांगू दे, पण खरं सांगू दे. मेल्यावर मला देवी करू नका."

ती तीस वर्षं वावर गावाकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मी जव्हारच्या हायस्कुलात गणित शिकवायचो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तिला सगळे बाई म्हणत, मला सर.

बाराव्याला अंगणात ताडपत्री अंथरली. जेवणं झाल्यावर मी तिचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं. मग साखरशेतहून आलेला तिचा थोरला भाऊ बोलला. सातवीनंतर तिची शाळा बंद करायचं वडिलांनी ठरवलं होतं. ती भांडली नाही, रडली नाही. आवणीच्या दिवसांत उजाडायच्या आत खाचरात उतरायची, आपल्या वाटचा भात लावायची आणि चिखलाच्या पायांनी शाळा गाठायची. पंधरा दिवस वडिलांनी पाहिलं आणि तो विषय परत काढला नाही. ती शिकवायची त्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी सांगितलं की हिचा आवाज इतका भसाडा होता की प्रार्थनेला पोरं तोंडावर हात धरून हसत, तरी ही दुसऱ्या कुणाला प्रार्थना सांगू देत नसे. एका जुन्या विद्यार्थ्यानं तिनं फेकून मारलेल्या डस्टरची गोष्ट सांगितली आणि कपाळावरचा वण दाखवला. लोक हसले. मलाही बरं वाटलं.

मग बोलणं वीटभट्ट्यांकडे वळलं, ते वळणारच होतं. आमच्याकडे दिवाळी झाली की पाड्यांवरची माणसं जगायला जातात, भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर. पोरंही बरोबर जातात आणि त्यांची शाळा सुटते. ही रविवारी एसटीनं त्या भट्ट्या शोधत जायची, आईबापांची समजूत घालायची आणि दोनचार पोरींना घेऊन परत यायची. त्यांना आजीकडे नाहीतर आश्रमशाळेत ठेवायची. अशा परत आलेल्या तिघी जणी त्या दिवशी अंगणात होत्या. एक नर्स झाली आहे. त्या बोलत होत्या आणि बायका डोळे पुसत होत्या.

कडेला एक तिशीच्या आतली बाई लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला ओळखत नव्हतो. वावरपलीकडच्या वांगणीहून आलेय, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, "तूही बोल काहीतरी."

ती म्हणाली, "मला बाई न्यायला आल्या नाहीत."

तिनं आवाज चढवला नाही, जे झालं ते सांगत गेली. सहावीत असताना ती आईबापांबरोबर भिवंडीकडे गेली. निघताना बाईंनी सांगितलं होतं, मी तुला न्यायला येईन, दप्तर बांधून ठेव. दर रविवारी ती रचलेल्या विटांवर चढून रस्त्याकडे बघत बसायची. बाई आल्याच नाहीत. पाऊस जवळ आल्यावर गावी परतली तेव्हा परीक्षा होऊन शाळेला सुट्टी लागलेली होती. नंतर ती शाळेत गेली नाही. पुढच्या वर्षीपासून तीही विटा वाहायला लागली.

कोणीतरी पुटपुटलं की आजच्या दिवशी हे कशाला. माझा मुलगा माझ्याकडे बघत होता. ती भट्टीवर वाट बघत होती त्या वर्षी तो नऊ वर्षांचा होता. त्याला कावीळ झाली होती.

तो म्हणाला, "बाबा, मला आठवतंय. आई चप्पल घालून दारात उभी होती."

मलाही आठवत होतं. मी उठून उभा राहिलो. मी सांगितलं की त्या रविवारी ही भिवंडीला निघाली होती आणि मी हिला जाऊ दिलं नाही. घरचं पोर आजारी टाकून लोकांच्या पोरी आणायला चाललीस, असं म्हणालो. आणि खरं सांगायचं तर पोराची कावीळ तोवर उतरली होती. तो खाटेवर बसून भाकर खात होता. दर रविवारी ती घरात नसायची याचा मला राग होता, कारण तेवढंच. पुढच्या दोन रविवारीही मी अडवलं. त्यानंतर तिनं मला विचारणं सोडलं, ती सरळ जायची. पण तोवर त्या भट्टीवरची माणसं दुसरीकडे हलली होती.

वांगणीची ती बाई माझं बोलणं संपेपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "बाईंनी हे मला सांगितलं नाय."

तिनं पुढचं सांगितलं ते मलाही नवीन होतं. आजारी पडण्याच्या आधी ही वांगणीला तिचं घर शोधत गेली होती. दारात उभ्या उभ्याच म्हणाली, मी आले नाही, चुकलं माझं. कारण सांगितलं नाही. माझं नाव घेतलं नाही. नंतर दर पंधरवड्याला ही तिच्याकडे शिकवायला जात होती. शाळेच्या कामाला जाते, एवढंच मला सांगून जायची. दुखणं सुरू झाल्यावर फोनवर शिकवत होती. जायच्या आधी, त्याच पावसाळ्यात, हिनं तिच्याकडून दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला होता.

"आता परीक्षा देणार?" मी विचारलं.

"बाकी बेस आहे. गणित नाय येत. बाई म्हणत, गणित मलापण नाय येत, त्याला आमच्या घरात माणूस आहे. पण तुम्हाला विचारायला मला भीती वाटायची."

मी म्हटलं, "रविवारी येतो."

पुढच्या रविवारी मी गेलो. स्कूटर वावरला ठेवली आणि उरलेली वाट चाललो. तिच्या ओसरीवर गोणपाट टाकलं होतं. तिला पाढे बाराच्या पुढे येत नव्हते आणि अपूर्णांकांची भीती होती. पण विटांचा हिशोब तोंडपाठ होता, किती थरांना किती विटा, तुटलेल्या किती वजा. मी तिथूनच सुरुवात केली. पहिले दोन महिने मी चिडायचो, मग ती पाटी बाजूला ठेवून मला नागलीची भाकर वाढायची आणि शांतपणे म्हणायची, परत सांगा. दिवाळीनंतर तिचा नवरा भट्टीवर गेला, ती गेली नाही. त्यावरून तिच्या घरात बोलाचाली झाली, तीही तिनं निभावली. मी एक रविवार चुकवला नाही. ताप होता त्या रविवारी मुलाला ठाण्याहून बोलावून घेतलं आणि त्याच्या गाडीत बसून गेलो.

मार्चच्या परीक्षेत ती गणित सोडून सगळ्यात पास झाली. निकाल मीच मोबाईलवर पाहिला. तिला काय सांगायचं ते मी ठरवत होतो, तर तिचाच फोन आला. "जुलैला परत बसता येतं ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग तीच म्हणाली, "तर या रविवारपासून."

जुलैच्या पेपरला मी तिची मुलगी सांभाळत जव्हारच्या केंद्राबाहेर छत्री धरून उभा होतो. बाहेर आल्यावर तिनं मला एक गणित तोंडी सांगितलं आणि उत्तर सांगितलं. ते बरोबर होतं. दुसऱ्या गणिताचं उत्तर चुकलं होतं. ते मी तिला तिथेच रस्त्यात, छत्रीखाली उभं राहून समजावलं.

ती पास झाली. काठावर, पण झाली. आता तिला अकरावी करायची आहे आणि पाड्यावरच्या आणखी दोघी दहावीचा फॉर्म भरायचं म्हणताहेत. मला गणित सोडून काही शिकवता येत नाही. इतिहास वाचायला घेतला आहे.