साखळदंडातल्या बायका

वसईहून परदेशी येऊन स्थायिक झालेला एलायस रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. निवृत्तीनंतर पॅरामॅटातल्या घरामागे तो चित्रांच्या चौकटी करी. सांध्याच्या फटीत साधा कागद जरी शिरला, तर चौकट मोडून पुन्हा करायची, हा त्याचा नेम.

चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत त्याला एका चित्राची प्रत मिळाली. सिंहासनावर सरदार, पुढे साखळदंडात बांधलेल्या बायका, गुडघ्यांवर. मागे लाल झग्यातला बडा धर्मगुरू, कार्डिनल, आणि त्याच्या कानाशी हवा फुंकायचा भाता धरलेला सैतान. वसईच्या कॅथलिक माणसाला दुसरं काय सुचणार? शुद्धीस्थानातले, स्वर्गाआधी पापं फेडणारे आत्मे. आत्म्यांवरून सैतान हुज्जत घालत असेल, असं सगळ्यांनी धरलं. एलायसची आई तर मरेपर्यंत त्या बायकांसाठी माळ जपत होती.

एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात शेजारच्या हेंक या डच म्हाताऱ्याने चित्राखालचा मजकूर वाचला आणि तो हसत सुटला. स्पेनशी लढताना डच लोकांनी छापलेलं हे चित्र. एकेक बाई म्हणजे एकेक प्रांत, सरदार म्हणजे स्पेनचा सेनापती. लोक पेटून उठावेत म्हणून काढलेलं.

ही बातमी प्रार्थनामंडळाच्या रिकीपर्यंत पोचली. नोव्हेंबर मृतांचा महिना. मंडळ घरोघरी माळ म्हणायला जाई. शनिवारची पाळी एलायसकडे, आईसाठी.

"ते काढ," रिकी दारातूनच म्हणाला. "आपल्याच कार्डिनलची टर उडवणाऱ्या चित्राला आपण मेणबत्त्या लावल्या. नाही काढलंस, तर मंडळ येणार नाही."

"चहा घेणार?"

"चेष्टा नको, एलायस. हा प्रोपगंडा आहे."

"आहेच. जानेवारीत टीव्हीवर बगदादवर बॉम्ब पडत होते, तेव्हा तू म्हणालास, काय नेम आहे, मेट. ती चित्रं कोणी पुरवली होती?"

"ते वेगळं."

"स्पेनवाल्यांनीही काढलं असेल एखादं. आणून दे, त्यालाही चौकट करतो. शेजारी टांगू. पण हे उतरणार नाही. बांधलेल्या बायका दिसल्या, म्हणून आईने माळ जपली. कोणाच्या बाजूच्या, हे तिने विचारलं नव्हतं."

रिकी निघून गेला. एलायसची बायको कॅरोलिन स्वयंपाकघरातून म्हणाली, "आईंची माळ आहे रे. माणसं नकोत का?"

"हवीत," एलायस म्हणाला. "पण या किमतीत नकोत."

शनिवारी त्याने खुर्च्या मांडल्या, एकही कमी नाही. वेळ झाली. कोणी आलं नाही. कॅरोलिनने मेणबत्ती पेटवून चित्राखाली ठेवली. एलायस गुडघ्यांवर बसला आणि बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्याने माळ सुरू केली. आधी आईच्या नावाने, मग बांधलेल्या सगळ्यांच्या.